पाणी न घातलेली कुंडी

काशाच्या वाटीवर नखाची टिचकी मारली, की जो नाद उठतो आणि उठल्यावर लगेच विझत नाही, तसा तो आवाज होता. सखादादाच्या धातू शोधायच्या मशीनखाली चांदी आली की ते तसं वाजायचं. लोखंडाला ते घुरघुरायचं, गुटख्याच्या पुडीला करकरायचं, बाटलीच्या बुचाला खोकल्यासारखं अडखळायचं... आणि चांदीला मात्र लांब, स्वच्छ, न थरथरणारा सूर. दादा हेडफोनचा एक कान काढून माझ्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "ऐक सुमे. बोलली." जमिनीखालून कुणीतरी बोलतं आणि ते ऐकायला माणूस लागतो, एवढीच त्याची श्रद्धा होती. देवधर्माचं तो फारसं काही करत नसे.

तो गेला त्या सकाळी आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. आमच्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. दोन ड्रम भरून झाले होते, तिसऱ्यात नळी सोडली होती आणि ओल्या हातानंच मी फोन घेतला. पलीकडे कौसावहिनी होत्या. "ताई, हे उठंनात," एवढंच म्हणाल्या. मी पोहोचले तेव्हा दादा कॉटवर कुशीवर निजला होता, उजवा कान वर. काहीतरी ऐकत पडल्यासारखा. घरी परतले तेव्हा तिसरा ड्रम भरून, वाहून, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेलेलं पाणी वाळून गेलं होतं. आता महिना होऊन गेला आहे. त्या वाळलेल्या पाण्याची पांढुरकी कड फरशीवर अजून आहे आणि ती मला पुसवत नाही.

आमचे वडील मेंढरं राखायचे. गोदावरीच्या काठी, पैठणच्या वरच्या अंगाला आमचं गाव होतं. होतं असंच म्हणावं लागतं, कारण ते आता जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. अंधारात नुसत्या घुंगरावरून कुठलं मेंढरू कळपातून बाजूला झालं हे दादा सांगू शकायचा. शिकला, शहरात आला, टेलिफोन खात्यात केबल जोडणारा म्हणून लागला, तिथंही त्याचा कानच कामाला आला. जमिनीखाली केबल कुठं तुटली ते हेडफोन लावून, रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालत, ऐकून शोधायचं. भर बाजारात, रिक्षांच्या गोंगाटात, डोळे मिटून उभा असलेला हा उंच, काळासावळा माणूस बघून लोक त्याला वेडा समजायचे. तो एका जागी टाच रोवायचा आणि खणणाऱ्यांना म्हणायचा, "हितं." तिथंच सापडायचं.

माझ्या पाठीवर सात वर्षांनी आमच्या घरात आणखी एक मुलगी झाली होती. नाव ठेवलं होतं, पण कुणी ते उच्चारलं नाही. ती बारकीच राहिली. मायनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात निजामाचा चांदीचा रुपया बांधला होता, वर सोनारानं बसवलेली बारीक कडी. त्या रुपयावर चारमिनार होता. बारकीला मांडीवर घेतलं की मी तो रुपया हळूच तोंडात घालायची. त्याची ती थंड, किंचित आंबट चव, तिच्या घामाची आणि तेलाची चव, अजून माझ्या जिभेवर आहे. पाच महिन्यांची होऊन ती तापानं गेली. लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. वडिलांनी तिला धोतराच्या पदरात घेतलं आणि तेरा वर्षांचा दादा कुदळ घेऊन मागं गेला. मायनं दारातून सांगितलं होतं, "तेवढा रुपया राहू द्या अंगावर."

पुढच्या वर्षी पाणी आलं. गाव उठलं. लोकांनी चौकटी उपटल्या, वासे उतरवले, मारुती बैलगाडीत घातला, आडाचे दगडसुद्धा नेले. जे जे नेण्यासारखं होतं ते नेलं. बारकीचं कुणी नाव काढलं नाही. जागा फक्त दोघांना माहीत होती आणि त्यातले वडील पुढं लवकरच वारले.

नंतरची माय मला आठवते ती दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडे उड्या मारत चाललं होतं. काल ज्वारी होती तिथं आज लेआउटचे पांढरे दगड, उद्या पार्किंग. मायचे पाय त्या घरात मातीला कधी लागले नाहीत. लिफ्टला ती घाबरायची आणि जिना तिला उतरवत नव्हता. तेव्हा वरती आली ती आलीच. गॅलरीच्या गजांना धरून उभी राहायची आणि सिमेंटचा वास घ्यायची. पाण्याच्या दिवशी मात्र ती पहिली जागी असायची. नळ आधी सुस्कारा टाकायचा, मग खोकायचा, मग पाणी यायचं. माय त्यात बोटं बुडवायची आणि म्हणायची, "आलं गं बाई, गावाकडचं." शहराला पाणी जायकवाडीचं, जायकवाडी आमच्या घरावर. आमच्या चुलीवरून, उंबऱ्यावरून आलेलं पाणी आम्ही ड्रमात भरत होतो, एवढा साधा विचार तिच्याआधी माझ्या मनात कधी आला नव्हता. त्यानंतर मात्र गेला नाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. धरण तळाला गेलं. नळ दहा-दहा दिवस कोरडा राहू लागला, टँकरच्या मागं रांगा लागल्या, आणि पेपरात फोटो आला: भेगाळलेल्या गाळात उभा देवळाचा चौथरा. आमच्या मारुतीचा. मायला वाचता येत नव्हतं, पण तो चौथरा तिनं ओळखला. पेपर मांडीवर घेऊन ती दुपारभर बसली. दादा घरी आल्यावर म्हणाली, "सख्या, बारकी लई भिजली रं. तिला कोरड्यात आण."

दादा म्हणाला, "माय, आता काय राह्यलं असंल तिचं?"

"रुपया असंल," माय म्हणाली. "चांदीला काय व्हतंय?"

इथून दादाचं ते मशीन सुरू झालं. ओळखीच्या कुणाकडून तरी जुनं, परदेशी बनावटीचं मिळवलं होतं: एक लांब दांडा, खाली ताटली, वर हेडफोन. निवृत्त झालेला माणूस आता नाणी शोधायचा नाद करतोय, असं त्यानं सोसायटीत सांगितलं. खरं कारण आम्हा चौघांनाच ठाऊक: माय, दादा, वहिनी आणि मी. पहाटे पैठणची एसटी, पुढं कुणाच्या तरी मोटरसायकलवर, पुढं पायी. मी सुट्ट्यांत बरोबर जायची. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "जोडवी काढून ठेव. तुझ्या पायालाच वाजतंय ते."

धरणाचा उघडा तळ मी तोवर पाहिला नव्हता. मृत शिंपल्यांचा आणि तापलेल्या चिखलाचा एक जड, गोडूस वास होता. तो केसांत बसायचा आणि दोन-दोन दिवस जायचा नाही. उन्हाला सावलीच नव्हती. पाणी मागं सरकलं तिथं लोकांनी गाळपेरा केला होता, टरबुजाचे हिरवे तुकडे दूर दूर दिसायचे. त्यातलाच एक शेतकरी रोज येऊन दादाच्या डोक्याशी उभा राहायचा.

"काय काका, धरणाचा एक्स-रे काढता का?"

"व्हय. फ्रॅक्चर कुठं हाय ते बघतो."

"सापडला हंडा तर आमाला बी सांगा. अर्धा-अर्धा."

"हंडा सापडला तर तहसीलदाराला सांगावं लागतंय," दादा म्हणायचा. "टरबूज सापडलं तर अर्धा-अर्धा."

दादाची पद्धत केबल शोधणाऱ्याची होती. देवळाच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून त्यानं एक पट्टा ठरवला, सुतळी आणि खुंट्या लावून त्याचे चौकोन पाडले. दिवसाला एक चौकोन. आधी वरून एकदा मशीन फिरवायचं, मासेमारांचे गळ, तारा, खिळे असलं काय ते वेचून टाकायचं. मग फावड्यानं गाळ उपसून खालची काळी माती उघडी करायची, आणि मग पुन्हा मशीन. ताटली वीतभर खालचंच ऐकते, त्यापलीकडं बहिरी असते. संध्याकाळी उपसलेला सगळा गाळ तो परत चौकोनात लोटायचा आणि टाचेनं तीनदा थोपटायचा. "उघडं ठिवू नये," म्हणायचा. मी त्या वेळी ही सगळी रीत नुसती बघत होते, ऐकत नव्हते. माझं लक्ष त्याच्या मानेवर असे. साठीतला माणूस, वैशाखातलं ऊन, आणि तो गाळ... वाळला की दगड, ओला राहिला की शिसं.

अशाच एका दुपारी तो फावड्यावर वाकलेला तसाच खाली गेला. आम्ही त्याला टरबुजाच्या वेलांत निजवलं, त्या शेतकऱ्यानंच तोंडावर पाणी मारलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर उठणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पाच वाजता बूट घालत होता. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्या हळू बोलणाऱ्या नव्हेत, पण तेव्हा कुजबुजल्या. "ताई, तुमी शिकलेल्या. काहीतरी करा. मेलेल्या लेकरापायी हा जिता माणूस जाईल माझा." आतून मायचा आवाज आला, "सख्या, निघालास का?" त्या घरात कुणी कुणाला सोडत नव्हतं. मायला थांबवलं तर ती तुटणार; दादाला थांबवलं तर तो मायकडे तोंड वर करून बघणार नाही; आणि पावसाळा तोंडावर, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच पंधरवड्यात. मला एकच फट दिसली. त्या फटीतून आम्ही सगळे सुटू, असं मला वाटलं.

सराफ्यात एका वृद्ध सोनाराकडे निजामाचे जुने रुपये असतात हे मला माहीत होतं. चारमिनारचा, झिजलेला एक निवडला. "कडी बसवून द्या," म्हटलं, "आणि घासू नका." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घासना नहीं? लोगां तो चमकाके लेते, बाई." कडीचा टाका त्यांनी काळवंडून दिला, मी न सांगताच. सोनारांना बहुधा पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. घरी आणून मी तो तोंडात घालून पाहिला. थंड होता. आंबट नव्हता.

शेवटच्या आठवड्यात मी दादाबरोबर गेले. तो भाकरी खायला बसला, आणि मी उद्याच्या चौकोनात जाऊन बोटानं भोक केलं, रुपया आत दाबला, वर माती सारखी केली. बोट दुसऱ्या पेरापर्यंतच गेलं. गाळ आतून गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं पहिला फेरा घातला, फावडं अजून खांद्यावरून उतरलंही नव्हतं, आणि मी लांबून, हेडफोनशिवाय, त्याच्या थांबण्यावरून तो सूर ऐकला. तो गुडघ्यावर बसला. बोटांनी माती बाजूला केली. रुपया तळहातावर घेतला. मला वाटलं होतं तो ओरडेल, रडेल, निदान मला हाक मारेल. त्यानं रुपया खिशात घातला. मग त्यानं ते इवलंसं भोक, ज्यात मूठभरही माती मावली नसती, नीट भरलं आणि टाचेनं थोपटलं. एक, दोन, तीन. मग म्हणाला, "चल सुमे. मायला दिऊ." परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला आणि शहर येईपर्यंत धरणाच्या बाजूला बघत राहिला. मी समजले, थकला आहे.

मायनं रुपया दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं. तिनं तो गालाला लावला, हुंगला, कडीवरून अंगठा फिरवला. "वाळली की गं माझी बाई," म्हणाली. मग विचारलं, "आता हिला ठिवायची कुठं?" प्रश्न खरा होता. चौथ्या मजल्यावर माती नव्हती. खाली पेव्हर ब्लॉक होते. शेवटी दादानं शेजारच्या बांधकामाच्या साइटवरून घमेलंभर काळी माती आणली, मोठी कुंडी आणली, आणि गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, पावसाची सर पोहोचणार नाही अशा जागी, मायनं आपल्या हातानं तो रुपया पुरला. काही लावलं नाही. वहिनी सवयीनं तांब्या घेऊन आल्या तशी माय ओरडली, "ए, पानी नगं! लई पानी झालं तिला."

त्या दिवसापासून ती कुंडी कोरडी राहिली. गॅलरीत कढीपत्ता होता, सदाफुली होती, गवती चहा होता. सगळ्यांना भांडी विसळलेलं पाणी मिळायचं. कोपऱ्यातली ती काळी माती मात्र उकलत गेली, धरणाच्या तळासारख्या भेगा तिला पडल्या. माय तिथं खुर्ची टाकून बसायची. कुंडीशी बोलायची नाही. तिच्यासमोर बसून लसूण सोलायची, वाती वळायची, दुपारची डुलकी काढायची. घरात ओझं उतरल्यासारखं झालं होतं, वहिनींचं वजन वाढलं होतं, आणि दर रविवारी मी गेले की माय मला त्या कुंडीशेजारी बसवायची. सराफ्यातून आणलेल्या रुपयासमोर मी दर रविवारी बसत होते. माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारी बाई एका अनोळखी नाण्याला आपली मुलगी समजून जपत होती, आणि ते तिला सांगणं हा खून ठरला असता, न सांगणं ही रोजची चोरी. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शब्द नेमके वापरायला शिकवलं. त्या गॅलरीत मला एक शब्द सापडत नव्हता. दीड वर्षानं माय गेली, सुखानं गेली असं सगळे म्हणाले. शब्द आतच राहिला. आता तर ऐकणारंही कुणी नव्हतं.

दादाचं मशीन मात्र थांबलं नाही, आणि याचा मला राग यायचा. आता खरोखरच त्याला नाद लागला होता. वैजापूरच्या बाजूला नांगरटीनंतर ओळखीच्या शेतकऱ्यांच्या रानात जायचा. शहराच्या कडेला लेआउट पडायच्या आधी, जेसीबीनं वरची माती खरवडली की मालकाला विचारून फिरायचा. "एकदा स्लॅब पडला की मुकं झालं समज," म्हणायचा. दौलताबादच्या रस्त्यानं जाताना मात्र मशीन पिशवीतून बाहेर काढायचा नाही. किल्ल्याच्या आसपास ते कायद्यानं चालत नाही हे तो इतरांनाही सांगायचा. त्याला राणीछाप रुपये मिळाले, निजामाचे मिळाले, पाच-सहा पावल्या, एक चांदीचं वाळं. सोसायटीतली मुलं बघायला यायची. मी आपली टोमणे मारायची. "आता कुणाला कोरड्यात आणतोयस?" असं एकदा बोलून गेले. त्यानं मान वर केली नाही. "नाद हाय, सुमे," म्हणाला. "लागला तर लागला."

आणि मग पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा धरण उघडं झालं. या खेपेला गाळ न्यायला ट्रॅक्टरांची रीघ लागली होती. जेसीबी दिवसभर तळ खरवडत होते आणि लोक आपापल्या शेतात तो गाळ पसरत होते. दादा रोज तिथं. वहिनींनी डबा देऊन मला पाठवलं, "बघा तरी काय करतात." तो जेसीबीच्या मागं-मागं चालत होता, बादली उचलली की खालच्या जागेवर ताटली फिरवत, ट्रॉली भरली की तिच्यावरून फिरवत. चालक वैतागून ओरडला, "आजोबा, बादलीत बसता का आता?" दादानं हात जोडले आणि पुन्हा ताटली फिरवली.

जेवायला आम्ही जेसीबीनं कापलेल्या खड्ड्याच्या कडेला, त्याच्याच सावलीत बसलो. समोरची भिंत पुरणपोळी कापावी तशी सरळ कापलेली होती. वर हात-दीड हात पिवळट करडा, पापुद्र्यांचा थर. खाली एकदम काळी माती, तिच्यात मुळ्यांचे तंतू, एक विटेचा तुकडा. दादानं भाकरीच्या हातानंच ती रेघ दाखवली, जिथं दोन रंग भेटत होते.

"हे काळं दिसतंय ना, हे आपलं गाव," तो म्हणाला. "आन् वरचं सगळं पाण्यानं आणलेलं. पाणी आल्यावरचं. वरच्या थरात काहीबी घावलं, तर ते पाण्यानंतर कुणीतरी टाकलेलं असतंय. आदल्या काळातलं वर यायचं न्हाई."

हे त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं. चटणी संपवली, बोटं चाटली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गार पडलं होतं.

तो रुपया वाजला त्याच क्षणी त्यानं ओळखलं होतं. फावडं खांद्यावर असतानाच. मशीन घेऊन फिरणारा कुणीही ओळखेल, इतकी ती ढोबळ चूक होती. गाळ उपसून मग ऐकायचं ही त्याची सगळी रीत ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट मी उन्हाळाभर बघूनही पाहिली नव्हती. आणि ओळखूनही तो रुपया त्यानं मायच्या हातात दिला. मला वाटलं होतं मी त्याला सोडवलं. मी त्याला कोंडलं होतं. बारकी सापडली असं एकदा घरात ठरल्यावर तो तिला शोधतो आहे असं म्हणू शकत नव्हता. मायला सांगू शकत नव्हता, मला लाजवू शकत नव्हता. म्हणून त्याला नाद लागला. वैजापूरची रानं, लेआउट, राणीछाप रुपये, सोसायटीतल्या मुलांचं कौतुक, हे सगळं त्यानं एवढ्यासाठी उभं केलं की पुढच्या दुष्काळात तो इथं येईल तेव्हा कुणी का म्हणून विचारू नये. आणि आता जेसीबी तिला उचलून कुठल्या तरी अनोळखी शेतात टाकील या धास्तीनं तो बादलीमागं धावत होता, आणि मी डबा घेऊन त्याला हटकायला आले होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. खड्ड्यात आम्ही दोघंच होतो. "दादा," मी म्हटलं. तो म्हणाला, "डबा झाकून ठिव, धूळ जाईल." आणि उठला. ... मी डबा झाकला.

त्यानंतर मी विचारायची ते एवढंच, "आज काही?" तो म्हणायचा, "खिळा." किंवा, "बूच." पाऊस पडायच्या आधी एकदा तो दोन दिवस झोपूनच होता, आणि उठल्यावर मशीन मेणकापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं. पुन्हा काढलं नाही, रानातही नेलं नाही. धरण भरलं. मी मनाशी म्हटलं, हरला बिचारा. माझ्यामुळे हरला, त्याचं एक अख्खं दुष्काळाचं वर्ष, जेव्हा गुडघ्यांत जोर होता आणि गाळ इतका ढवळला गेला नव्हता, ते मी एका दुपारी बोटानं दाबून टाकलं. पुढची सगळी वर्षं आम्ही भेटत राहिलो, दिवाळ्या केल्या, वहिनींच्या हातची शेंगोळी खाल्ली, नळाला पाणी येण्याची वाट पाहिली. त्या कुंडीकडे दोघंही बघत नव्हतो. न बोलण्याची सवय लागली की ती घरातल्या खांबासारखी होते, माणसं वळसा घालून जातात.

तो कुशीवर निजला तसाच गेला आणि वळसा घालायलाही कुणी उरलं नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. वहिनी आता लेकीकडे नाशिकला राहायला जाणार आहेत, फ्लॅट बंद राहील. परवा मी त्यांना आवरायला मदत करायला गेले. कढीपत्ता खालच्या मजल्यावर गेला, सदाफुली वॉचमनच्या बायकोनं नेली. कोपऱ्यात कोरडी कुंडी उरली. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ही कुणाला द्यायची? कुणी पानी घालतंय मग. रुपया काढून घेऊ, माझ्या देवात ठिवते."

मग मी बोलले. गजांना पाठ टेकून, एका दमात, सराफ्यापासून खड्ड्यातल्या भिंतीपर्यंत सगळं. वहिनी ऐकत होत्या तेव्हा हातातला फडकाही त्यांनी खाली ठेवला नाही. माझं संपल्यावर त्यांचा चेहरा काळवंडला.

"मीच म्हटलं व्हतं काहीतरी करा म्हणून," त्या म्हणाल्या. "पर ताई, एवढी वरसं मी हितं कपडे वाळत घालताना हिच्यावर परात उपडी घालत आले. थेंब पडू नये म्हणून. पावसात उठून बघायची. इकतच्या रुपयावर?"

त्यांनी फडका कुंडीच्या काठावर टाकला.

"आन् ह्यांनीबी सांगितलं न्हाई मला. रोज परात घालताना बघायचे, आन् गप."

त्या खाली बसल्या. स्वयंपाकघरातलं उलथनं त्यांनी आणलं होतं, त्यानं माती फोडायला लागल्या. ढेकळं कडक झाली होती. उलथनं खण्ण करून निसटत होतं. धूळ उडाली आणि त्या धुळीला कसलाच वास नव्हता. रागानंच त्या खणत होत्या, तोंडानं काहीबाही पुटपुटत, बहुतेक मला, थोडं दादाला. मग उलथनं फेकून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. थांबल्या. पुटपुटणं बंद झालं. हात तसाच मातीत ठेवून त्या समोरच्या गजांकडे बघत राहिल्या, आणि मग पुन्हा, अगदी सावकाश, निजलेल्या लेकराच्या पांघरुणात हात घालावा तसं, चाचपलं. मूठ बाहेर काढली. उघडली. माझ्याकडे मान वर करून म्हणाल्या,

"दोन."